प्री-मेडच्या पहिल्या वर्षी गणित: किती, कोणतं आणि कधी

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे. मुलगी ऑगस्टअखेर तिथल्याच रटगर्स विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला जाणार. डॉक्टर व्हायचं पक्कं आहे, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मात्र ठरलेला नाही. बायॉलॉजी की बायोकेमिस्ट्री असं घोळतंय. एपी कॅल्क्युलस एबीला, म्हणजे शाळेतच होणाऱ्या कॉलेज-पातळीच्या कोर्सच्या परीक्षेत, पाचपैकी ४ पडले. वडील सॉफ्टवेअरमधले. त्यांचं म्हणणं, कॅल्क्युलस २ आणि ३ करून टाक, गणित कधी वाया जात नाही. मुलीला एपीचं क्रेडिट (म्हणजे त्या गुणांवर कॉलेजचा कोर्स झाल्याची नोंद) पदरात पाडून गणिताला कायमचा रामराम ठोकायचाय. त्यात लातूरची मावसबहीण नीटची तयारी करतेय आणि तिने अकरावीतच गणित सोडलं. मग अमेरिकेतल्या डॉक्टरला गणित हवंय कशाला, हा घरातला तिसरा सूर.

मी एका सरकारी विद्यापीठात प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकल स्कूलला जाऊ पाहणाऱ्या, मुलांची सल्लागार आहे. त्याआधी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे स्टॅटिस्टिक्सकडे माझा कल आहे. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी उत्तर, मग कारणं. मुलीने एपीचं क्रेडिट घ्यावं, पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री आणि बायॉलॉजीत पाय रोवावेत, आणि जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स घ्यावं. बायोकेमिस्ट्री आत्ताच ठरत असेल तर क्रम उलटा: कॅल्क्युलस २ पहिल्याच सेमिस्टरला, स्टॅटिस्टिक्स दुसऱ्या वर्षी. कॅल्क्युलस ३ यंदा नाही.

लातूरच्या बहिणीशी तुलना सोडून द्या. तिकडे बारावीनंतर नीट आणि थेट एमबीबीएस. नीटमध्ये गणिताचा पेपरच नाही, म्हणून पीसीबी घेतलं की गणित सुटतं. इथे मेडिकल स्कूल चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होतं आणि ‘प्री-मेड’ नावाची पदवी बहुतेक ठिकाणी नसतेच. मेजर काहीही असू शकतो, इतिहाससुद्धा. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, इंग्रजी आणि थोडं गणित, एवढं त्या चार वर्षांत कुठेतरी बसवायचं असतं. म्हणजे गणित तिला तीन जणांसाठी लागणार: मेडिकल स्कूलच्या अटींसाठी, मेजरच्या अटींसाठी आणि एमकॅट या मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी. या तिघांच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत. घरातले वाद बहुधा त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

एमकॅटचं आधी उरकते. त्या परीक्षेत कॅल्क्युलस अजिबात नाही. पण कॅल्क्युलेटरही नाही, आणि हे अनेकांना फार उशिरा कळतं. लॉगॅरिदम, घातांक, त्रिकोणमितीच्या मोजक्या किमती, एककांची रूपांतरं आणि अंदाजी भागाकार, हे सगळं हाताने करावं लागतं. हायड्रोजन आयनांची संहती ३ × १०⁻⁵ दिली तर पीएच ४.५ च्या आसपास, हे पेन न उचलता सुचायला हवं. नळीची त्रिज्या निम्मी झाली आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हेही. हे सगळं शाळेतलं गणित आहे, फक्त गंज काढलेलं. आजीने पाठ करून घेतलेले पाढे इथे खरोखर कामाला येतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये कोणाला ते येतात, हे दहा मिनिटांत कळतं. २०१५ मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हापासून आणखी एक गोष्ट वाढली: आलेख वाचणं, प्रयोगाची रचना तपासणं, एखाद्या निष्कर्षाला आकडे पुरतात का ते सांगणं. ही तयारी कॅल्क्युलसच्या वर्गात होत नाही.

मेडिकल स्कूलच्या अटींबद्दल मात्र सरसकट उत्तर देता येत नाही. जुन्या पिढीतले डॉक्टर सांगतात, “आमच्या वेळी वर्षभर कॅल्क्युलस लागायचं,” आणि त्यात तथ्य आहे. २००९ मध्ये अमेरिकी मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी मिळून एक अहवाल काढला. अमुक विषयाचे इतके तास मोजण्यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येतं ते पाहा, असा त्याचा रोख होता. गणिताबाबत भर होता तो संख्यांवरून विचार करता येण्यावर. त्यानंतर अनेक स्कूलांनी कॅल्क्युलसची सक्ती सैल केली आणि संख्याशास्त्राचा उल्लेख वाढला. तरी आजही काही ठिकाणी गणिताची अट नाही, काही ठिकाणी एक सेमिस्टर, काही ठिकाणी दोन. टेक्सासातल्या बहुतेक सार्वजनिक मेडिकल स्कूलांना स्टॅटिस्टिक्स हवं असतं. दुसऱ्या टोकाला हार्वर्ड आणि एमआयटीचा संयुक्त ‘हेल्थ सायन्सेस अँड टेक्नॉलॉजी’ मार्ग आहे. तिथे डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रापर्यंतचं गणित अपेक्षित असतं. शाळेतूनच पदवी आणि मेडिकल एकत्र असलेल्या सात-आठ वर्षांच्या जोड-कार्यक्रमाला प्रवेश मिळालेल्यांची यादी आणखी वेगळी असते. एएएमसीची ‘एमएसएआर’ नावाची सूची आहे, तिच्यात प्रत्येक स्कूलच्या अटी दिलेल्या असतात. जायला आवडेल अशी दहा-बारा स्कूलं निवडून त्यांच्या गणिताच्या अटी एका कागदावर उतरवा. नव्वद टक्के शंका तिथेच मिटतील. बहुतेकांसाठी त्या कागदाचा निचोड एकच निघतो: एक सेमिस्टर कॅल्क्युलस, एक सेमिस्टर स्टॅटिस्टिक्स.

एपीचं क्रेडिट घेऊ म्हणताना दोन गोष्टी पाहा. एक, ते क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, विषयाच्या नावासकट उमटलं पाहिजे. एपीची परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा नुसता गुणांचा कागद घरात असून उपयोग नाही. दोन, काही मेडिकल स्कूलं एपी थेट मानतात, काही म्हणतात की त्याच विषयातला एखादा कोर्स कॉलेजात केलेला दाखवा. तुमच्या मुलीने कॉलेजात स्टॅटिस्टिक्स केलं की ही दुसरी मागणीही सहसा भागते. गणिताला पूर्ण रामराम ठोकला तर मात्र ट्रान्स्क्रिप्टवर गणितातली एकही ग्रेड उरणार नाही, आणि ते मला पसंत नाही.

आता मेजर. मुलांचा खरा घोळ इथे होतो, कारण एकाच नावाचे दोन कॅल्क्युलस कॉलेजात शेजारी-शेजारी शिकवले जातात. रटगर्समध्ये मॅथ १३५ हा जीवशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांच्या मुलांसाठी आहे, आणि मॅथ १५१ हा गणित, भौतिक शास्त्रं आणि इंजिनिअरिंगसाठी. दोन्ही ‘कॅल्क्युलस १’च. पहिल्या मालिकेतून दुसरीत मध्येच उडी मारायला बऱ्याच विद्यापीठांत अडचण येते, म्हणून मालिका निवडताना आजच्या सोयीपेक्षा पुढची दारं पाहावीत. बायॉलॉजीवाल्याला सोपी मालिका पुरते. केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्रीचे कडक पर्याय, बायोमेडिकल इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स यांपैकी कशाचीही शक्यता असेल तर सुरुवात भौतिक शास्त्रांच्या मालिकेतच करावी. फिजिकल केमिस्ट्रीला एकाहून अधिक चलांचं कॅल्क्युलस लागतं आणि तेव्हा मागे वळून सगळं पुन्हा करणं फार जड जातं.

काही विद्यापीठांनी या दोन मालिकांपलीकडे तिसरी वाट काढली आहे आणि मला ती मनापासून आवडते. यूसीएलएने २०१३ मध्ये ‘लाइफ सायन्सेस ३०’ हा दोन भागांचा कोर्स सुरू केला. त्यात सूत्रांच्या घोकंपट्टीऐवजी बदलत्या व्यवस्थांची मॉडेलं बांधायची: शार्क वाढले की मासे घटतात, मासे घटले की शार्क उपाशी मरतात, आणि हे चक्र समीकरणात कसं पकडायचं. सोबत थोडं प्रोग्रॅमिंग. बर्कलेला मॅथ १०ए आणि १०बी या जोडीत कॅल्क्युलससोबत संभाव्यता आणि स्टॅटिस्टिक्स येतं. असा कोर्स असलेल्या कॉलेजात तुमचं मूल जात असेल आणि इंजिनिअरिंगकडे वळायची शक्यता नसेल, तर दुसरा विचार करू नका.

स्टॅटिस्टिक्सवर मी इतकी का अडून बसते ते सांगते. १९७८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटं टिपण आलं होतं. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांत विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि वरिष्ठ डॉक्टर अशा एकूण ६० जणांना एक प्रश्न विचारला होता: हजारात एकाला होणारा आजार आहे, चाचणीचा खोटा-पॉझिटिव्ह दर ५ टक्के आहे, आणि समोरच्या माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्याच्या लक्षणांबद्दल काहीच माहिती नाही. त्याला तो आजार असण्याची शक्यता किती? सर्वाधिक आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर सुमारे २ टक्के, आणि ते ६० पैकी फक्त ११ जणांनी दिलं.

गणित पाहा, कॅल्क्युलसचा लवलेश नाही. हजार माणसं घ्या. त्यांत एक खरा रुग्ण. तो चाचणीत सापडला असं धरा. उरलेल्या ९९९ पैकी ५ टक्के म्हणजे साधारण ५० जण निरोगी असून पॉझिटिव्ह येणार. एकूण ५१ पॉझिटिव्ह, त्यांत आजारी एक. आता तोच आजार शंभरात दहा जणांना असलेल्या वस्तीत हीच चाचणी लावा: हजारात १०० खरे रुग्ण, ९०० निरोगींपैकी ४५ खोटे पॉझिटिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १४५ पैकी १०० खरोखर आजारी. चाचणी तीच, यंत्र तेच, पण कागदावरच्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ २ टक्क्यांवरून जवळजवळ ७० टक्क्यांवर गेला. घाबरलेल्या रुग्णाला पुढची तपासणी सुचवायची की धीर द्यायचा, हे डॉक्टरला रोज ठरवावं लागतं आणि त्यामागे हेच गणित असतं. शोधनिबंध उघडला की पी-मूल्य, विश्वास-अंतराल, हझार्ड रेशो, सर्व्हायव्हल कर्व्ह समोर येतात. औषध शरीरातून उतरतं त्यामागे कॅल्क्युलस आहे, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते मोजण्याच्या एका जुन्या पद्धतीत वक्राखालचं क्षेत्रफळ आहे, आणि हे समजलेलं बरंच. पण खाटेशेजारी उभं राहून कुणी इंटिग्रल सोडवत नाही.

स्टॅटिस्टिक्सचा कोर्स निवडताना नावापेक्षा सिलॅबस वाचा. सशर्त संभाव्यता, नमुना-वितरण, विश्वास-अंतराल, गृहीतक-चाचणी आणि शेवटी रिग्रेशन, एवढं असलं पाहिजे. रिग्रेशन शेवटच्या आठवड्यात गुंडाळणारे कोर्स पुष्कळ आहेत. ‘आर’सारख्या सॉफ्टवेअरवर खऱ्या माहितीचं काम करून घेणारा कोर्स मिळाला तर तोच घ्या; पुढे एखाद्या प्रयोगशाळेत संशोधनाची संधी मागायला जाताना तेवढंच कौशल्य हातात असतं. सायकॉलॉजी विभागाचं स्टॅटिस्टिक्स चालेल का, असं मुलं नेहमी विचारतात. मेडिकल स्कूलांचा सामाईक अर्ज, म्हणजे अ‍ॅमकास, विषयाचं वर्गीकरण आशयावरून करतो. तिथे स्टॅटिस्टिक्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स दोन्ही गणितातच मोजले जातात. एखाद्या स्कूलला ते गणित किंवा संख्याशास्त्र विभागाचंच हवं असेल तर एमएसएआरच्या त्या कागदावर ते दिसेलच.

ग्रेडचा हिशेब न मांडता हे उत्तर पुरं होणार नाही. अ‍ॅमकास एकूण जीपीएशिवाय (जीपीए म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी) बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढतं. त्याला बीसीपीएम म्हणतात. गणिताची प्रत्येक ग्रेड त्यात जाते. अलीकडच्या वर्षांत मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एकूण जीपीए ३.७७ च्या आसपास आहे. समजा पहिल्या वर्षी विज्ञानाची १६ क्रेडिटं ३.७ ने झाली आणि ४ क्रेडिटांच्या कॅल्क्युलसमध्ये सी आला, म्हणजे २.०. बीसीपीएम तडक ३.३६ वर येतो. पुढे बाकी सगळं ३.७ नेच करत ६० क्रेडिटांपर्यंत गेलात तरी तो ३.५९ च राहतो. एका कोर्सने कोणाचं आयुष्य बुडत नाही, पण वर चढायला तीन वर्षं लागतात. कोर्स पुन्हा केला तरी अ‍ॅमकास दोन्ही ग्रेड धरतं. तुमच्या कॉलेजने जुनी पुसली असली तरी. आणि हायस्कूलात असताना कम्युनिटी कॉलेजमधून ड्युअल एन्रोलमेंटखाली, म्हणजे शाळेबरोबरच, एखादा कोर्स केला असेल, तर त्याची ग्रेडही या हिशेबात येते. पालकांना हे ऐकून धक्का बसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. एपीच्या क्रेडिटला ग्रेड नसते, त्यामुळे ते ना मदत करतं ना नुकसान.

यावरून काही जण युक्ती काढतात: एपी सोडून द्या, कॅल्क्युलस १ पुन्हा घ्या, हमखास ए मिळवा. मला ही युक्ती सहसा पटत नाही. बहुतेक कॉलेजांत तोच कोर्स घेतला की एपीचं क्रेडिट जातं, म्हणजे क्रेडिटं फुकट गेली. शिवाय “मला हे येतं” म्हणून सप्टेंबर झोपून काढलेली मुलं ऑक्टोबरच्या मिडटर्मला घामाघूम होतात. अपवाद एक: एपीला ३ मिळाले असतील किंवा ४ मिळूनही इंटिग्रेशन ऐनवेळी रेटलेलं असेल, आणि पुढे कॅल्क्युलस २ करणं भागच असेल, तर पहिला पुन्हा करण्यात शहाणपण आहे. तुमच्या मुलीला घरीच तपासता येईल. मागच्या वर्षीचे कॅल्क्युलसचे प्रश्न पुस्तक न उघडता सोडवून पाहा. चेन रूल आणि सब्स्टिट्यूशन हाताला आठवत असेल तर पुढे जायला हरकत नाही.

मुलीच्या बाबांना थोडं वेगळं सांगायचंय. गणित वाया जात नाही हे मलाही मान्य आहे. पण अर्जात ‘अवघड गणित केलं’ म्हणून गुण देणारा रकाना नाही. त्याच चार क्रेडिटांत स्टॅटिस्टिक्सचा दुसरा कोर्स किंवा एपिडेमिऑलॉजी बसते, आणि सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी तर २०१५ पासून एमकॅटला हवीच आहे. एमडी-पीएचडी करून इमेजिंग किंवा संगणकीय संशोधनात जायचं तिच्या मनात असेल तर कॅल्क्युलस ३ आणि लिनिअर अल्जिब्रा जरूर घ्यावं, तेही स्वतःच्या ओढीने, दुसऱ्या वर्षी. फिजिक्ससाठीही घाई नाही. बहुतेक मेडिकल स्कूलं बीजगणितावर आधारित फिजिक्स चालवून घेतात. कॅल्क्युलसवालं फिजिक्स लागतं ते मेजरमुळे.

आणि आता थेट तुला, म्हणजे जी जाणार आहे तिला. गणिताच्या कोणत्या वर्गात बसायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट घरून द्यायची असली तर दादाला शेजारी बसवू नकोस; चुकीच्या वर्गात बसायची किंमत तूच मोजणार आहेस. पहिल्या दोन आठवड्यांत ड्रॉप करायची आणि नंतर विथड्रॉ करायची अशा दोन्ही तारखा फोनमध्ये टाकून ठेव. ट्रान्स्क्रिप्टवरचा विथड्रॉचा एखादा ‘डब्ल्यू’ चालतो, तीन-चार झाले की प्रश्न विचारले जातात. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना पहिली परीक्षा व्हायच्या आधी जा. नंतर रांग लागते. गृहपाठाचं उत्तर कुठूनतरी मिळवणं आज सोपं आहे, पण मिडटर्मला ती सोय नसते.

महाराष्ट्रातून थेट इथे पदवीला येणाऱ्या मुलांसाठी एक सूचना, कारण त्यांचेही फोन येतात. पीसीबी घेऊन दोन वर्षं गणित सोडलेलं असेल तर थेट कॅल्क्युलसमध्ये बसू नका. प्रीकॅल्क्युलस घेण्यात कमीपणा नाही, आणि अनेक ठिकाणी जनरल केमिस्ट्रीलाही तेवढी गणिताची पातळी लागते. त्याहून महत्त्वाचं, विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अनेक अमेरिकी मेडिकल स्कूलं प्रवेशच देत नाहीत. कुठलं गणित घ्यायचं याच्या आधी ते पाहून घ्या.

तुमच्या मुलीच्या बाबतीत एकच धागा उरतो. सप्टेंबरात बायॉलॉजी म्हणून सुरुवात केली आणि नोव्हेंबरात केमिस्ट्री आवडायला लागली, तर वसंताच्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सच्या जागी कॅल्क्युलस २ घालायचं आणि स्टॅटिस्टिक्स दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला सरकवायचं. त्यात तिचं काहीही अडत नाही. फक्त वसंताची नोंदणी होण्याआधी सल्लागाराची वेळ घ्यायला सांगा, आणि जाताना तो दहा-बारा स्कूलांचा कागद सोबत न्यायला.